यार्डात नवीन काय आलं?

फोटो बहुतेक एकाच पद्धतीचा असतो. खाली जेवणाचं टेबल नाहीतर पलंगावरची चादर, तिच्यावर एक लांबट खोकं, खोक्यात पांढरा फोम आणि फोमच्या खाचेत आडवं झोपलेलं इंजिन. कोपऱ्यात हटकून एक अंगठा दिसतो, कारण आकाराचा अंदाज यावा म्हणून तोच फूटपट्टीचं काम करतो. सोबत एक ओळ: ‘यार्डात नवीन पाहुणा.’ मग पाच मिनिटांत प्रश्नांची सरबत्ती सुरू. कुठून घेतलं? कितीला पडलं? डिकोडर आहे की साधं? चाकं मेटलची का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पळवून बघितलंस का?

स्नीकर्सवाल्यांचं नवीन शूजचं, गेमर्सचं नवीन कीबोर्डचं जसं असतं, तसंच मॉडेल रेल्वेवाल्यांचं नवीन इंजिनाचं. फक्त ही मंडळी आपल्याला फारशी दिसत नाहीत. बरीचशी चाळिशीच्या पुढची, पण त्यांच्यात आता कॉलेजची मुलंमुलीही दिसायला लागली आहेत. पुण्यात अशा एका ग्रुपच्या रविवारच्या बैठकांना मी गेले दोन महिने जातेय. ठिकाण ठरलेलं नाही. ज्याच्या घरी त्या आठवड्यात हॉल रिकामा, तिथे बैठक. नियम मात्र ठरलेला आहे: नवीन खरेदी नुसती दाखवायची नाही, रुळावर ठेवून पळवायची. आणि ‘खेळण्यातली गाडी’ हा शब्द उच्चारायचा नाही. मी पहिल्याच दिवशी उच्चारला होता, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवतेय.

सत्त्याऐंशी पट छोटं

मग हे खेळणं नाही तर काय आहे? फरक आहे मापाचा. खेळण्यातली गाडी साधारण गाडीसारखी दिसली की झालं. मॉडेल मात्र खऱ्या गाडीची मापं घेऊन, ठरलेल्या प्रमाणात छोटं केलेलं असतं. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे ‘एचओ’, १:८७. खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली की एचओ. त्याहून लहान ‘एन’ स्केल, बहुतेक ठिकाणी १:१६०. आणि त्याहूनही चिमुकलं ‘झेड’, १:२२०, जे जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १९७२ मध्ये आणलं. ही तीच कंपनी, जिने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रूळ, डबे, इंजिन असा एकमेकांना जोडत वाढवता येणारा सेट मांडला होता. ‘आज इंजिन घे, पुढच्या वाढदिवसाला डबा घे’ ही आयडिया तिथून रूढ झाली. इंग्लंडमध्ये मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्न्बी यांनी १९२० मध्ये आपल्या गाड्या बाजारात आणल्या. म्हणजे ‘पुढची खरेदी काय?’ हा प्रश्न या छंदाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

पण आपल्याकडे खरेदीच्या आधी खिसा नाही, भिंत मोजावी लागते. आत्ताचा एलएचबी डबा खऱ्यात साडेतेवीस मीटरच्या आसपास लांब असतो. एचओमध्ये तो होतो २७ सेंटिमीटर. बावीस डब्यांची एक्स्प्रेस जोडायची म्हटलं तर सहा मीटर झाले, इंजिन वेगळंच. आता सांगा, टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सहा मीटरची गाडी वळवायची कुठे? म्हणून कोणी पाच डब्यांवर समाधान मानतो, कोणी एन स्केलकडे वळतो, तर कोणी सरळ पलंगाखाली सरकवता येईल असा प्लायवूडचा पाट करून घेतो. ग्रुपमधल्या एकाचं अख्खं स्टेशन वॉर्डरोबच्या मापाचं आहे. पाहुणे आले की स्टेशन उभं करून कपाटामागे जातं.

ज्यांनी हे सगळं ऐसपैस बघितलंय त्यांच्यापैकी बऱ्याच पुणेकरांनी ते एकाच ठिकाणी बघितलंय. कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे छोटेखानी शहर १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. शाळेच्या सहलीत तिथे गेलेली, दिवे मालवल्यावर चिमुकल्या गाड्यांचे हेडलाइट बघून ‘हाऽऽऽ’ करणारी पोरं आता विशी-पंचविशीत आली आहेत. ‘तुला नाद कधी लागला?’ असं मी विचारलं की पुण्यातली निम्मी उत्तरं तिथेच पोहोचतात.

पावणेतीन मिलिमीटरचं भांडण

आता या छंदातला आपल्या मातीतला घोळ ऐका. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रुळांमधलं अंतर असतं १४३५ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागा, येतात साडेसोळा. म्हणून जगभर मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर येतात सव्वाएकोणीस. म्हणजे डेक्कन क्वीनचं मॉडेल एचओमध्ये अगदी अचूक केलं आणि बाजारात मिळणाऱ्या रुळावर ठेवलं, तर चाकं पावणेतीन मिलिमीटरने आत घ्यावी लागणार.

तुम्ही म्हणाल, पावणेतीन मिलिमीटरने असा काय फरक पडतो! मी हे एका बैठकीत म्हणून पाहिलं. पुढची चाळीस मिनिटं चहा गार झाला.

एक गट म्हणतो, जाऊ दे ना. समोरून बघितलं तरच कळतं, बाजूने कोणाच्या बापाला कळणार आहे? शिवाय साडेसोळाचे रूळ, सांधे, चाकं सगळं तयार मिळतं. दुसरा गट म्हणतो, मग ती आपली गाडी नाहीच. आपल्या गाडीची ती ऐसपैस बैठकच गेली. या गटातले दोघं जण स्वतः रूळ टाकतात. स्लीपर कापायचे, त्यावर रूळ चिकटवायचे, दर दोन इंचांवर माप घ्यायचं. एका रविवारी एक फूट झाला तर पार्टी.

गंमत म्हणजे ही तडजोड काही फक्त आपल्याच नशिबी नाही. ब्रिटनचं ‘डबल ओ’ स्केल १:७६ चं आहे, आणि रूळ तोच साडेसोळाचा. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान, तेव्हाच्या मोटरी त्यात मावेनात, म्हणून वरची बॉडी थोडी मोठी केली आणि रूळ तसाच ठेवला. शंभरेक वर्षं ते त्याच ‘चुकीच्या’ रुळावर मजेत गाड्या पळवत आहेत. आपल्या माथेरानच्या राणीचा गेज ६१० मिलिमीटर. एचओमध्ये तो होतो बरोबर सातच्या आसपास, आणि झेड स्केलचा रूळ आहे साडेसहाचा. इथे फरक अर्ध्या मिलिमीटरचा. त्यामुळे माथेरानचं मॉडेल करणारे सध्या खूश आहेत. आणि सगळ्यात भारी म्हणजे पुणे मेट्रो. ती स्टँडर्ड गेजवर धावते, १४३५ वर. म्हणजे ज्या दिवशी कोणी वनाज ते रामवाडी एचओमध्ये करेल, त्या दिवशी ती साडेसोळाच्या रुळावर चपखल बसेल. ग्रुपमधल्या सगळ्यात तरुण मेंबरने हे जाहीर केलं, तेव्हा ज्येष्ठांपैकी एकजण म्हणाले, ‘मेट्रो? तिला इंजिन तरी असतं का रे?’

तीन खरेद्या

परवाच्या बैठकीत तीन नव्या वस्तू आल्या होत्या. तिन्हींचे भाव, जाती, आवाज वेगळे.

पहिली आणली मेकॅनिकलच्या थर्ड इयरच्या मुलाने. खोकं नाही, फोम नाही, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक अमेरिकन डिझेल इंजिन. बॉडी दोन ठिकाणी तडकलेली. बाकीच्यांनी ‘अरे रे’ केलं, तो हसत होता. त्याला बॉडी नकोच होती. त्याला हवं होतं खालचं चॅसी: चालू मोटर, गिअर आणि सहा आस. वर तो बसवणार आहे थ्रीडी प्रिंट केलेली डब्ल्यूडीएम-२.

डब्ल्यूडीएम-२ म्हणजे कोण? तुम्ही तिला बघितलंय, नाव माहीत नसेल. धूर ओकत, धडधडत जाणारं ते लांब नाकाचं डिझेल इंजिन. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. अमेरिकेच्या आल्को कंपनीची पहिली इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनायला लागली. पुढची कित्येक दशकं देशातल्या निम्म्या आठवणी या इंजिनाच्या मागे जोडलेल्या होत्या. आता ब्रॉडगेजचं जवळपास सगळं जाळं विजेवर आलंय आणि ही इंजिनं भंगारात निघत आहेत.

त्याची आत्ताची अडचण अशी आहे की खऱ्या डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं. दोन आस जवळ, एक लांब. त्याने आणलेल्या चॅसीत तिन्ही समान अंतरावर आहेत. मी म्हटलं, ‘कोणाला कळणार आहे?’ तो म्हणाला, ‘मला कळणार ना!’ आजोबा त्याचे रेल्वेत होते. त्यांना दाखवायचंय म्हणून दिवाळीपर्यंत पूर्ण करायचंय.

दुसरी खरेदी एका आयटीवाल्या दादाची. जपानच्या काटो कंपनीची एन स्केलमधली शिंकान्सेन, पहिली शून्य मालिका. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका मार्गावर धावली ती, गोल नाकाची. खोकं पुस्तकासारखं उघडतं, आत प्रत्येक डब्याला आपापली खाच. दादाने ती रुळावर ठेवली, नॉब फिरवला आणि गाडी अशी काही आवाज न करता निघाली की सगळे दोन सेकंद गप्प. मग हळूच ते वाक्य आलंच, ‘पण आपली नाही ना यार.’ दादाने खांदे उडवले. त्याचं म्हणणं सरळ आहे. भारतीय गाड्यांची चांगली मॉडेल्स तयार मिळत नाहीत, जी मिळतात ती थोडक्या लोकांनी हाताने, मोजक्या संख्येत केलेली असतात, त्यांच्यासाठी सहा-सहा महिने थांबावं लागतं. त्याला संध्याकाळी सातला लॅपटॉप बंद केला की साडेसातला गाडी पळवायची असते.

तिसरी खरेदी बघून मला वाटलं ही चुकून इथे आली. आर्किटेक्चरच्या एका मुलीने पिशवीतून डास मारायची रॅकेट आणि चहाची स्टीलची गाळणी काढली. रॅकेट कोपऱ्यावरच्या दुकानातली, गाळणी तुळशीबागेतली. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. ही तिची नवीन मशीन. रॅकेटमधलं सर्किट काढायचं, त्याची एक तार गाळणीला, दुसरी तार जिथे गवत उगवायचंय तिथल्या ओल्या गोंदात. गाळणीत नायलॉनचे बारीक तंतू भरायचे आणि हलवायचे. विद्युतभारामुळे तंतू सरळ उभे राहून गोंदात रुततात, आणि आडवं पडलेलं हिरवं पावडरीचं गवत न दिसता खरंखुरं उभं माळरान दिसतं. परदेशात याची तयार मशीन मिळते, ती बऱ्याच हजारांत जाते. (घरी करणार असाल तर हातात रबरी मोजे घाला. शॉक लागतो. तिला लागलाय.)

सुकवलेली वापरलेली चहा पावडर म्हणजे माती. थर्माकोल कापून वर कागदाचा लगदा म्हणजे घाट. नारळाच्या काथ्याचा बुंधा आणि रंगवलेला स्पंज म्हणजे झाडं. ती इंजिनं विकतच घेत नाही. ती कर्जत-लोणावळ्याच्या मधला एक तुकडा करतेय, पावसाळ्यातला. गाड्या बाकीचे आणतात, तिच्या घाटातून पळवतात. दुकानात रूळ आणायला गेली की हमखास एक प्रश्न येतो, ‘भावासाठी घेताय का?’ आधी ती समजावून सांगायची. आता ‘हो, माझ्याच’ म्हणते आणि बिल स्वतःच्या नावाने करून घेते.

घरी सांगितलेली किंमत

आता पैशांचं बोलू, कारण बैठकीत त्याच्याशिवाय काही बोललं जात नाही. एचओचं बऱ्यापैकी इंजिन परदेशातच शंभर-दीडशे डॉलरचं. आवाजाचा डिकोडर असेल तर आणखी वर. त्यात कस्टम्स. आपल्या कस्टम्सच्या वर्गवारीत खेळणी आणि स्केल मॉडेल्स एकाच रकान्यात बसतात. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. त्यावर अधिभार, त्यावर जीएसटी. त्या दराने शंभर रुपयांची वस्तू घरात येईपर्यंत दोनशेच्या आसपास जाते. देशी खेळणी कारखान्यांना आधार मिळावा हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा आहे असं ग्रुपमधले सगळेच म्हणत नाहीत. उलट थ्रीडी प्रिंटवाली मुलं म्हणतात, ड्युटीमुळेच आमच्या बॉडीज खपतात. पण मोटर, गिअर, डिकोडर इथे कोण बनवतंय? तिथे सगळे पुन्हा परदेशाकडे.

यावर नव्या पिढीने काढलेला मार्ग भन्नाट आहे. साध्या पद्धतीत, म्हणजे डीसीमध्ये, रुळातला व्होल्टेज कमी-जास्त केला की गाडीचा वेग बदलतो. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच निघतात. डिजिटल पद्धतीत, डीसीसीमध्ये, रुळात वीज कायम असते आणि त्याच विजेतून संदेश जातात. प्रत्येक इंजिनात डिकोडरची चिप, तिला स्वतःचा नंबर. ‘तीन नंबर, हळू चल. सात नंबर, हॉर्न दे.’ एकाच रुळावर दोघी स्वतंत्र. तयार कंट्रोलर महाग, म्हणून या पोरांनी तपकीर गल्लीतून सुटे पार्ट आणून आर्डुइनोच्या बोर्डावर स्वतःचे कंट्रोलर केलेत. त्यासाठीचा डीसीसी-ईएक्स हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी फुकट खुला आहे. मोबाइल हातात धरून गाडी चालवायची. ज्येष्ठ मंडळी आधी नाकं मुरडत होती. आता त्यांचेच डिकोडर ही मुलं बसवून देतात, बदल्यात जुने डबे मिळतात.

तरीही खर्च होतोच. आणि घरी? घरी अर्धी किंमत सांगितली जाते. हे मला एकाने नाही, बैठकीतल्या जवळपास प्रत्येकाने हसत हसत सांगितलं. पंधरा हजारांचं इंजिन घरी ‘सेलमध्ये दोन हजारांना’ मिळालेलं असतं. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर येतं. जुनं-नवं ओळखता येऊ नये म्हणून नव्या इंजिनाला मुद्दाम धुळीचा रंग मारणारा एक बहाद्दरही आहे. या छंदात एक जुना विनोद जगभर फिरतो: मला मरणाची भीती नाही, भीती एकच, मी गेल्यावर बायको माझ्या गाड्या मी तिला सांगितलेल्या किमतीला विकेल.

यंदा उन्हाळ्यात हा विनोद या ग्रुपमध्ये खरा झाला.

बासष्ट खोकी

ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ काका फेब्रुवारीत गेले. त्यांच्या संग्रहाबद्दल सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पूर्ण कोणीच बघितला नव्हता. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, मे अखेर फ्लॅट रिकामा करायचा होता. मुलगी परदेशात. काकूंनी माळा उघडला तर बासष्ट खोकी निघाली. नातेवाइकांतल्या मुलांनी त्यातले दोन डबे खेळायला घेतले, दोन्हींचे कपलर तुटले. रद्दीवाल्याने किलोचा भाव सांगितला. काकूंना वाटलं, सगळं मिळून दहा-बारा हजारांचं सामान असेल. कारण त्यांना आयुष्यभर तसंच सांगितलं गेलं होतं.

काकूंनी ग्रुपमधल्या एकांना फोन केला तो भाव विचारायला नव्हे. ‘कोणाच्या मुलांना हवं असेल तर घेऊन जा’ म्हणून. आणि इथे ग्रुपची खरी परीक्षा झाली. त्या खोक्यांत अशा दोन-तीन गोष्टी होत्या, ज्यांच्या मागे काही जण वर्षानुवर्षं होते. दहा हजार काकूंच्या हातात ठेवून सगळं उचलता आलं असतं. काकूंनी उलट आभार मानले असते. कोणालाही, कधीही कळलं नसतं.

हे मला ज्याने सांगितलं त्याने मान्य केलं की त्या रात्री त्याला झोप लागली नाही. बैठकीत भांडणही झालं. एकाचं म्हणणं, काकांनी मला तोंडी कबूल केलं होतं, ते इंजिन मी आधी घेणार. दुसऱ्याने विचारलं, किती किमतीला? तो गप्प बसला. शेवटी मेकॅनिकलवाल्या मुलाने मांडलेला तोडगा सगळ्यांनी मानला: आधी यादी. एकही वस्तू यादी पूर्ण झाल्याशिवाय हलणार नाही. आणि ज्याला जी वस्तू हवी आहे, त्याने तिची किंमत ठरवायची नाही.

चार रविवार लागले. एकजण इंजिन रुळावर ठेवून तपासायचा, एकजण चाकं पुसायचा, आर्किटेक्चरवाली मुलगी फोटो आणि नंबर लिहायची. काकू चहा करायच्या आणि मध्येच विचारायच्या, ‘हे कितीचं?’ पहिल्या दिवशी कोणी उत्तर देईना. दुसऱ्या रविवारी त्या मुलीने सांगून टाकलं. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला वाटायचं ह्यांना स्वतःवर खर्च करायची सवयच नाही.’ त्यात राग होता की समाधान, हे सांगणाऱ्याला अजून ठरवता आलेलं नाही.

बहुतेक वस्तू रास्त भावाला ग्रुपमध्ये आणि ओळखीच्यांमध्ये गेल्या. मोडके डबे दुरुस्त होऊन शिकणाऱ्या मुलांकडे आले. ज्या इंजिनावरून भांडण झालं, ते ‘कबूल केलं होतं’ म्हणणाऱ्यालाच मिळालं, पण दुसऱ्याने ठरवलेल्या पूर्ण किमतीला. तो ते दोन हप्त्यांत फेडतोय. काकूंनी एकच गोष्ट ठेवून घेतली, हाताने केलेली डेक्कन क्वीनची डायनिंग कार. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा मुंबईला गेले, तेव्हा तिच्यात बसून टोस्ट खाल्ला होता. नव्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी एक फूटभर रूळ हवाय, असं त्यांनी कळवलंय. तो स्वतः रूळ टाकणाऱ्या दोघांनी अंगावर घेतलाय. सव्वाएकोणीस मिलिमीटरचा.

तेव्हापासून ग्रुपमध्ये एक पद्धत सुरू झालीय. नवीन वस्तू आली की फोटोसोबत चार गोष्टी येतात: काय आहे, कोणाकडून घेतलं, कधी घेतलं आणि खरी किंमत. तोच कागद खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवायचा. मिरवायला म्हणून टाकलेला फोटो आता नोंदवहीचं काम करतो. आयटीवाल्या दादाने सगळ्यांसाठी एक सामायिक तक्ता केलाय. त्यात शेवटचा रकाना आहे, ‘माझ्यानंतर कोणाला’. तो भरायला अजून बरेच जण टाळाटाळ करतात. थर्ड इयरच्या मुलाने मात्र आपल्या एकुलत्या एका, अजून अर्धवट असलेल्या डब्ल्यूडीएम-२ समोर तो भरून टाकलाय. तिथे त्याच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या मित्राचं नाव आहे. मित्राला याची कल्पना नाही.

सुरुवात करायचीय?

• आधी जागा मोजा, मग स्केल ठरवा. मोठी भिंत असेल तर एचओ, टेबल असेल तर एन. एकदा स्केल ठरलं की दोन वर्षं तरी बदलू नका, नाहीतर अर्धं सामान फुकट जातं.

• पहिलं इंजिन साधं, डीसीचं घ्या. एक इंजिन, दोन-तीन डबे, एक वर्तुळ रूळ. एवढ्यात सहा महिने मजा येते.

• सेकंड हँड घेताना बॉडी नको, पळणं बघा. सावकाश चालवून बघा. हळू वेगात न अडखळणारं इंजिन चांगलं. बॉडी दुरुस्त होते, मोटर आणि गिअरचे पार्ट शोधताना रडायला येतं.

• रूळ आणि चाकं स्वच्छ ठेवा. ‘इंजिन बिघडलं’ म्हणून आणलेल्या बऱ्याच इंजिनांना फक्त धूळ लागलेली असते.

• बाहेरून मागवताना वस्तूच्या किमतीच्या जोडीला ड्युटीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. पार्सल अडकल्यावर मित्रांकडे उधार मागायची वेळ येऊ देऊ नका.

• काही विकत न घेताही ग्रुपमध्ये जाता येतं. डोंगर, झाडं, फलाट करणारे हात सगळ्यांनाच हवे असतात.

• बिल जपून ठेवा. आणि घरी खरी किंमत सांगा.